जुने आउटबोर्ड इंजिन आणि नवा डिस्प्ले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. धरणांच्या जलाशयांत बोटी चालवणारे, तसेच पूर आणि मदतकार्यासाठी बोटी सज्ज ठेवणारे अनेक जण बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायच्या जुन्या आउटबोर्ड इंजिनांना, म्हणजे बचाव पथकांत ज्यांना सगळे ‘ओबीएम’ म्हणतात त्या इंजिनांना, नवे डिजिटल डिस्प्ले जोडू पाहत आहेत. २०२७ च्या सिंहस्थात गोदावरीच्या पात्रात बोटी लागणार आहेत, त्यामुळे हा विषय आताच नीट समजून घेतलेला बरा. पत्रलेखकांची नावे न देता निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे १९९० च्या दशकातील दोन सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यासाठी आम्ही सात इंची डिस्प्ले घेतला. ‘हा एनएमईए २००० आहे, एक वायर जोडली की इंजिनाचे सगळे आकडे दिसतील,’ असे विक्रेत्याने सांगितले होते. इंजिनाला मात्र तशी वायर कोठेच सापडत नाही. ती कोठे असते?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ती वायर सापडत नाही, कारण आपल्या इंजिनाला ती नाहीच. विक्रेत्याचे म्हणणे नव्या इंजिनांपुरते खरे आहे, आपल्या इंजिनाला ते लागू पडत नाही. असे का, हे समजले की पुढची सगळी कामे सोपी होतात, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

एनएमईए २००० ही अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने ठरवलेली पद्धत आहे. बोटीवरील निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकाच केबलवरून एकमेकांशी बोलावे, हा तिचा हेतू. तिचा पाया ‘कॅन बस’ हा आहे. ज्या बॉश कंपनीचा कारखाना आपल्या सातपूरला आहे, तिनेच ही कॅन बस मोटारींसाठी विकसित केली आणि १९८६ मध्ये जगापुढे आणली. त्यामुळे आपल्याकडच्या मोटारींच्या इलेक्ट्रिशियनला हा प्रकार अगदीच अनोळखी नसतो. बोटीवरच्या या केबलवर सेकंदाला २५० किलोबिट या वेगाने संदेश जातात आणि प्रत्येक प्रकारच्या संदेशाला ठरलेला क्रमांक असतो. इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, १२७४८८ क्रमांकाच्या संदेशातून येतात. तापमान, ऑइलचा दाब, अल्टरनेटरचे व्होल्टेज, इंधनाचा खप आणि चालू तास १२७४८९ क्रमांकाच्या संदेशातून येतात. डिस्प्ले फक्त हे क्रमांक ओळखतो. वायरमधून येणारा विजेचा साधा स्पंद किंवा सेन्सरचा रोध त्याला कळत नाही.

आता आपल्या इंजिनाचा विचार करू. त्यात संगणकीय नियंत्रक, म्हणजे ईसीयू, नाही. संदेश तयार करणारेच कोणी नाही, तर केबलवरून येणार काय? म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. तो एका बाजूने इंजिनाचे ॲनालॉग संकेत मोजतो आणि दुसऱ्या बाजूने तेच आकडे एनएमईए २००० च्या संदेशांत मांडतो. ॲक्टिसेन्सचा ईएमयू-१, नोलँडचा आरएस११, मॅरेट्रॉनचा ईएमएस१०० ही या कामासाठी बनवलेली उपकरणे आहेत. आपण डिस्प्ले आधी घेतला आणि कन्व्हर्टरचा विचार नंतर आला. क्रम उलटा झाला असला तरी नुकसान काही नाही, कारण तोच डिस्प्ले वापरता येईल.

मात्र कन्व्हर्टर घेण्यापूर्वी आपले इंजिन मुळात काय सांगू शकते, हे तपासावे. माझ्या मते या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि बहुतेक जण तोच गाळतात. इंजिनाला फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या फिरत्या जड चाकाखाली, बॅटरीसाठी वीज बनवणारी चार्जिंग कॉइल असेल, तर तिच्यातून निघणाऱ्या स्पंदांवरून आरपीएम मिळतात. यामाहाच्या बहुतेक जुन्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) टॅकोमीटरची, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरची, वायर हिरवी, किल्लीनंतरची १२ व्होल्टची वायर पिवळी आणि अर्थची वायर काळी असते. मर्क्युरीमध्ये याच तीन वायर अनुक्रमे राखाडी, जांभळ्या आणि काळ्या असतात. तरीही तीस वर्षांत कोणी कोणता जोड दिला असेल याचा भरवसा नाही, म्हणून रंगावर विसंबू नये. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना ती वायर मोजावी. थ्रॉटल वाढवला की आकडा वाढला पाहिजे. दोरी ओढून सुरू होणाऱ्या काही इंजिनांना चार्जिंग कॉइल बसवलेलीच नसते. तेथे स्पार्क प्लगच्या वायरीवर बाहेरून गुंडाळण्याचा पिकअप वापरावा लागतो. टू-स्ट्रोकच्या एका सिलिंडरचा प्लग साधारणतः प्रत्येक फेऱ्याला एकदा ठिणगी देतो, म्हणून तो हिशेब सोपा असतो.

ऑइलच्या दाबाचा आकडा आपल्याला कधीच दिसणार नाही आणि त्यात काही बिघाडही नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जाते. फोर-स्ट्रोकसारखी तळाशी ऑइल साठवण्याची जागा (सम्प) आणि दाबाने फिरणारे ऑइल त्यात नसते, म्हणून मोजायला दाबच नाही. डिस्प्लेवरची ती जागा रिकामी ठेवावी किंवा तेथे दुसरा आकडा निवडावा.

तापमानाची गोष्ट जरा वेगळी आहे. जुन्या इंजिनांच्या सिलिंडर हेडवर बहुधा एक थर्मल स्विच असतो. ठरावीक तापमानाला त्याचे संपर्क जुळतात आणि बझर वाजतो. तो फक्त ‘गरम झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच सांगतो, अंश सांगत नाही. डिस्प्लेवर अंशांत तापमान हवे असेल तर हेडवर वेगळा तापमानाचा सेन्सर बसवावा लागेल. तो खर्च अवश्य करावा, असे मी सांगेन. गोदावरीच्या पात्रात पाणवेली माजलेल्या असतात, पावसाळ्यात पाणी गढूळ होते आणि गाळ व वेलीचे तंतू इंजिनाच्या पाणी घेण्याच्या जाळीवर बसतात. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी ओढणाऱ्या पंपाचे चक्र, झिजत आलेला असला तर तापमान एकदम उसळत नाही, हळूहळू चढत जाते. स्विच मात्र शेवटच्या क्षणी बोलतो. चढता आकडा दहा मिनिटे आधी दिसला तर बोट काठाला आणता येते. तरीही इंजिनाच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवण्याची सवय सोडू नये. डिस्प्ले बंद पडला तरी ती धार दिसत राहते.

प्रश्न : कन्व्हर्टर बसवला. इंजिन हळू फिरत असताना डिस्प्लेवर १,८०० आरपीएम दिसतात आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आकडा १०,००० च्या आसपास जातो. कन्व्हर्टर खराब आहे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : कन्व्हर्टर ठीक आहे, त्याला दिलेला हिशेब चुकला आहे. चार्जिंग कॉइलचे जितके पोल (चुंबकीय ध्रुव), त्याच्या निम्मे स्पंद एका फेऱ्यात मिळतात. म्हणजे १२ पोल असतील तर ६ आणि ६ पोल असतील तर ३. आपले इंजिन १२ पोलचे आहे आणि कन्व्हर्टरमध्ये ६ पोल निवडले आहेत, असे आपण दिलेल्या आकड्यांवरून दिसते. त्यामुळे तो प्रत्येक फेरा दोनदा मोजतो आहे. १२ पोल निवडल्यावर तेच १,८०० चे ९०० होतील, आणि हळू फिरणाऱ्या आउटबोर्डला हा आकडा शोभतो.

माझ्याही बाबतीत हे घडले आहे. एका ओळखीच्या बोटीचे काम केले, तेव्हा मी निम्मा आकडा खरा मानून बसलो होतो, म्हणजे चूक उलट्या दिशेने झाली होती. इंजिन मर्यादेच्या वर फिरत राहिले आणि आम्हाला ते समजले नाही. तेव्हापासून पोलची संख्या पुस्तिकेत सापडली तरी मी ती प्रत्यक्ष पडताळून पाहतो. फ्लायव्हीलवर परावर्तक पट्टीचा छोटा तुकडा चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने फेरे मोजावेत आणि दोन-तीन वेगवेगळ्या थ्रॉटलवर डिस्प्लेशी ताडून पाहावेत. फिरत्या फ्लायव्हीलजवळ सैल बाह्या आणि हात नेऊ नयेत. इंजिन कोरडेही चालवू नये, बोट पाण्यात असावी किंवा इंजिनाला नळाचे पाणी दिलेले असावे.

हिशेब दुरुस्त झाल्यावरही पूर्ण थ्रॉटलला आपले आरपीएम पुस्तिकेतील वरच्या मर्यादेपेक्षा थोडे कमी दिसले, तर लगेच इंजिनाला दोष देऊ नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे हवा विरळ होते आणि दर १०० मीटरला इंजिनाची शक्ती साधारण एक टक्क्याने घटते. समुद्रावर ठरवलेला प्रोपेलर म्हणूनच इथे जड पडतो. पिच, म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात जितके पुढे सरकावा ते अंतर, एक इंचाने कमी केला तर आरपीएम १५० ते २०० नी वाढतात, हा नेहमीचा अंदाज आहे. पुस्तिकेतील मर्यादेत आरपीएम येतात की नाही, हे कळण्यासाठीच खरे तर डिस्प्लेचा सर्वांत मोठा उपयोग आहे. माणसांनी भरलेली बोट जड प्रोपेलरवर रेटत राहिली की जुन्या टू-स्ट्रोकचे आयुष्य झपाट्याने घटते.

आकडा अधूनमधून उसळ्या मारत असेल तर प्लगही पाहावा. रेझिस्टर नसलेल्या प्लगमुळे जवळच्या वायरींत विद्युत गोंगाट शिरतो. एनजीकेच्या प्लगच्या क्रमांकात ‘आर’ असेल तर तो रेझिस्टरचा, म्हणजे ‘बी८एचएस’ साधा आणि ‘बीआर८एचएस’ रेझिस्टरचा. आपल्या इंजिनाला कोणता चालतो ते पुस्तिकेत पाहूनच बदलावा. त्याआधी टॅकोमीटरची वायर प्लगच्या वायरीपासून दूर नेऊन पाहावी, कारण अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

प्रश्न : आमची बोट भंडारदऱ्याला असते. तिच्यावर २००८ च्या सुमाराची दोन फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनची इंजिने आहेत. डिस्प्लेवर दोन्हींचे आकडे एकाच डायलवर आळीपाळीने येतात. शिवाय यांनाही कन्व्हर्टर लागतो का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : या इंजिनांत ईसीयू आहे, म्हणून ॲनालॉग कन्व्हर्टरची गरज बहुधा नाही. पण ईसीयूची भाषा कंपनीगणिक निराळी असते. यामाहाची कमांड लिंक आणि मर्क्युरीची स्मार्टक्राफ्ट ही त्या त्या कंपनीची स्वतःची जाळी आहेत. ती एनएमईए २००० ला थेट जोडू नयेत. मध्ये एका जाळ्याचे संदेश दुसऱ्याच्या भाषेत देणारा गेटवे लागतो, आणि तो आपल्या इंजिनाच्या मॉडेलसाठी व वर्षासाठी चालतो, हे घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. त्या काळातील काही इंजिनांत इंजेक्शन आहे, पण डॅशबोर्डकडे येतो तो साधा टॅकोमीटरचा संकेतच. इंजेक्शन आहे म्हणजे डिजिटल जाळे आहेच, असे धरून चालू नये. एव्हिनरूडची इंजिने असतील तर त्यांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले आहे. त्यामुळे त्यांचा गेटवे आणि केबल मिळत असेपर्यंत घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

आळीपाळीने येणाऱ्या आकड्यांचे कारण ‘इन्स्टन्स’ हे आहे. प्रत्येक इंजिनाच्या संदेशात त्याचा क्रमांक असतो. एकटे इंजिन किंवा डावे इंजिन ०, उजवे १. आपल्या दोन्ही गेटवेंचा क्रमांक ० राहिला आहे, म्हणून डिस्प्लेला ते एकच इंजिन वाटते. एकाला १ दिल्यावर दोन डायल स्वतंत्र होतील. उजवे-डावे पडताळण्यासाठी एकच इंजिन सुरू करून पाहावे.

प्रश्न : सेल्फ मारला की डिस्प्ले बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कधी कधी तो चालू असतो, पण इंजिनाचे सगळे आकडे गायब होतात.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ही दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही वेगवेगळी तपासावी लागतील.

पहिले विजेचे आहे. सेल्फ मोटर शेकडो अँपिअर खेचते तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर कोसळते. बॅटरी जुनी असेल किंवा डिस्प्लेपर्यंतची वायर बारीक आणि लांब असेल, तर ते इतके खाली येते की डिस्प्ले पुन्हा सुरू होतो. बॅटरीच्या टर्मिनलवर आणि डिस्प्लेच्या टोकाशी, अशा दोन्ही ठिकाणी सेल्फ मारताना व्होल्टेज मोजावे. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर दोष वायरीचा किंवा जोडांचा आहे. दोन्ही ठिकाणी सारखेच कोसळत असेल तर बॅटरीचा आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवणे हा उत्तम उपाय आहे. मात्र तिची निगेटिव्ह बाजू इंजिनाच्या बॅटरीच्या निगेटिव्हला जाड वायरीने जोडलेली असावी. तसे नसेल तर कन्व्हर्टर जे ॲनालॉग संकेत मोजतो त्यांचा आधारच सरकतो. दिवे लावल्यावर तापमानाचा किंवा टाकीचा आकडा बदलला, तर हाच दोष समजावा.

दुसरे दुखणे केबलच्या जाळ्याचे आहे. एनएमईए २००० मध्ये एक मुख्य केबल असते आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक-एक टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रोधक, असतो. मधल्या टी-जोडांपासून प्रत्येक उपकरणाकडे फाटा जातो, आणि तो फाटा ६ मीटरपेक्षा लांब असू नये. वीजपुरवठा बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरींमधला रोध मोजावा. ६० ओहमच्या आसपास आला तर टर्मिनेटर ठीक आहेत. १२० आला तर एक निसटला आहे किंवा मुख्य केबल तुटली आहे, आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा लावला आहे. लाल आणि काळी वायर विजेची असते. लहान बोटीवर जाळ्याला वीज एकाच ठिकाणाहून, फ्यूजमधून द्यावी. छोट्या बोटीवर एवढा पसारा कशाला, असे म्हणून दोन उपकरणे थेट एकमेकांना जोडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. अशी जोडणी काही दिवस चालते, आणि मग नेमकी गरजेच्या वेळी गप्प बसते.

प्रश्न : पेट्रोल किती उरले आणि तासाला किती जळते, हे डिस्प्लेवर दिसू शकेल का? आमचे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि ऑइल टाकीतच मिसळतो.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : दिसू शकेल, पण दोन्ही आकड्यांची विश्वासार्हता सारखी नसते.

टाकीतील तरंगत्या सेन्सरच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८० ओहम. कन्व्हर्टरमध्ये चुकीची पद्धत निवडली तर अमेरिकी सेन्सरची रिकामी टाकी डिस्प्लेवर पूर्ण भरलेली दिसते, आणि हे पुराच्या पाण्यात केवढे महागात पडेल ते सांगायला नको. म्हणून सेन्सर बसवण्यापूर्वी हातात धरून, त्याचा दांडा वर-खाली करून, मल्टिमीटरने त्याचा रोध एकदा मोजावा. उचलून नेण्याच्या सुट्या टाकीत मात्र हा सेन्सर बहुधा बसवता येत नाही.

खप मोजणारा फ्लो-सेन्सर फिल्टरनंतर आणि इंजिनाच्या आधी, उष्णतेपासून दूर बसवावा. त्यातील छोटे चक्र इंधनाबरोबर फिरते. हळू चालणाऱ्या इंजिनात प्रवाह इतका कमी असतो की चक्र नीट फिरत नाही, त्यामुळे कमी वेगातील आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पूर्ण वेगात, म्हणजे ४० अश्वशक्तीचे कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक तासाला १५ लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल पिते तेव्हा, तोच सेन्सर चांगले काम करतो. ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल मिसळलेले इंधन महिनोन्‌महिने पडून राहिले तर चक्रावर चिकट थर बसतो. हंगाम संपल्यावर सेन्सरमधले इंधन काढून टाकावे. जुळणी करण्यासाठी टाकी काठोकाठ भरून काही तास बोट चालवावी आणि पुन्हा तितकीच भरावी. पंपावर २० लिटर लागले आणि डिस्प्लेने १८ सांगितले, तर आधीच्या गुणकाला १.११ ने गुणावे.

प्रश्न : नवा डिस्प्ले आल्यावर जुने काट्यांचे मीटर आणि बझर काढून टाकावेत का?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : मीटर काढायचे की ठेवायचे हे आपल्या सोयीवर अवलंबून आहे, पण त्यात एक मेख आहे. तापमानाच्या आणि टाकीच्या सेन्सरला वीज जुन्या मीटरकडूनच मिळत असते. कन्व्हर्टर त्या वायरीवरचे व्होल्टेज फक्त वाचतो. मीटर काढला की ती वीज थांबते आणि डिस्प्लेवरचा आकडा निरर्थक होतो. अशा वेळी सेन्सरला कन्व्हर्टरकडून वीज मिळेल, अशी त्याची जोडणी आणि सेटिंग बदलावी लागते. टॅकोमीटरचे तसे नाही. त्याची वायर दोघांना समांतर जोडता येते आणि एक काढला तरी दुसरा चालतो. मी स्वतः निदान जुना टॅकोमीटर ठेवावा असे म्हणेन, कारण उन्हात काटा वाचता येतो आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

बझर काढू नये आणि त्याची वायर तोडून कन्व्हर्टरकडेही वळवू नये. गर्दीच्या पात्रात बोट चालवणाऱ्याची नजर पाण्यात उतरलेल्या माणसांवर असते, डिस्प्लेवर नसते. गरम होणाऱ्या इंजिनाची खबर त्याला कानानेच मिळणार आहे. डिस्प्लेवरही इशारा हवा असेल तर बझरच्या वायरीला समांतर फाटा काढून तो कन्व्हर्टरच्या अलार्म इनपुटला द्यावा. काम झाल्यावर थर्मल स्विचची वायर स्विचपासून सोडवून क्षणभर अर्थला लावावी. बझर वाजला पाहिजे आणि त्याच वेळी डिस्प्लेवर इशारा उमटला पाहिजे. दोहोंपैकी एकच झाले तर फाट्याचा जोड पुन्हा तपासावा आणि तोपर्यंत ती बोट प्रवाशांसाठी पाण्यात उतरवू नये.